वाचकांचे प्रश्न : सरकारी दवाखान्याचा पैसा अडतो कुठे?

सरकारी रुग्णालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचा आरोग्यावरचा खर्च या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि औषधसाठा, लेखा व आरोग्य प्रशासन या कामांच्या जाणकारांनी दिलेली उत्तरं इथे देत आहोत. पत्रलेखकांची नावं आणि दवाखान्यांची ओळख मुद्दाम वगळली आहे.

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दर वर्षी दिवाळी झाली की रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या संपतात. विचारलं की ‘मागणी केली होती, तेवढाच पुरवठा आला’ असं उत्तर मिळतं. दर वर्षी हेच होतं, तर मागणी वाढवत का नाहीत?
— सेवानिवृत्त शिक्षक, बीड जिल्हा

मागणी ठरते ती मागच्या वर्षीच्या वापरावरून, आणि चूक तिथेच होते. एक उदाहरण घेऊ. अॅम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या केंद्रानं वर्षभरात ३६,००० वाटल्या. कागदावर महिन्याचा वापर निघतो ३६,००० भागिले १२, म्हणजे ३,०००. पण त्या वर्षात तीन महिने गोळ्या संपलेल्याच होत्या. मग भागायचं १२ नं नाही, ९ नं. खरा वापर महिन्याला ४,००० आणि वर्षाची गरज ४८,०००. बारानं भागणारा औषध निर्माण अधिकारी पुढच्या वर्षी पुन्हा ३६,००० मागतो, पुन्हा तीन महिने तुटवडा पडतो आणि वापर पुन्हा ३६,००० च दिसतो. टंचाई अशी दर वर्षी स्वतःलाच मंजूर करून घेते. तुमच्या केंद्रात दिवाळीनंतर जे होतं, त्याची सुरुवात बहुधा या एका भागाकारात आहे.

सूत्र सोपं आहे. वर्षभरातला वापर भागिले ज्या महिन्यांत औषध खरोखर होतं ते महिने. साठा नसलेले दिवस मोजून ३०.५ नं भागले की बाद करायचे महिने मिळतात.

दुसरी गोष्ट, मागणी कधी करायची. मागणी पाठवल्यापासून माल केंद्रात पोचेपर्यंत चार महिने लागत असतील, तर ४,००० गुणिले ४ म्हणजे १६,००० गोळ्या त्या काळातच संपतात. वर दोन महिन्यांचा राखीव साठा, म्हणजे ८,०००. साठा २४,००० वर आला की मागणी गेलीच पाहिजे. ‘संपत आलं की मागवू’ म्हटलं की उशीर झालाच. हा आकडा साठा नोंदवहीत त्या औषधाच्या पानावर वर, ठळक लिहून ठेवावा. ई-औषधी या औषधसाठ्याच्या ऑनलाइन प्रणालीत साठा रोज दिसतो, पण नोंद वेळेवर केली तरच. आठवड्याची नोंद शनिवारी एकदम भरली जात असेल, तर जिल्ह्याला दिसणारा आकडा सहा दिवस शिळा असतो.

तिसरी गोष्ट कोणत्याच वहीत दिसत नाही. साठा कमी असला की रुग्णाला ३० दिवसांऐवजी १० दिवसांच्या गोळ्या मिळतात. तो महिन्यात तीनदा येतो, ओपीडीचा आकडा फुगतो, गोळ्यांचा आकडा तेवढाच राहतो. मजुरी बुडवून तिसऱ्यांदा यायचं ज्याला जमत नाही, तो औषध सोडतो. आणि ‘बाहेरून आणा’ म्हणून दिलेली चिठ्ठी तर कुठेच नोंदली जात नाही. ती मागणी सरकारी हिशेबात जन्मालाच येत नाही. यावर उपाय एका वहीचा आहे. तारीख, औषध, किती दिवसांचं लागत होतं, किती दिलं, एवढे चार रकाने. महिन्याअखेरीस बेरीज करून ती मागणीपत्राला जोडायची. ही वही ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

खरेदीच्या बाजूनेही महाराष्ट्रात बरीच पडझड झाली. राज्यभरातली औषधखरेदी काही वर्षं हाफकिन या राज्य सरकारच्या संस्थेमार्फत होत होती. पुरवठ्याला विलंब, देयकं थकणं, निविदा रखडणं या तक्रारी वाढत गेल्या आणि २०२३ मध्ये त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालकं होती. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि औषधं, मनुष्यबळ व निधी यांबद्दल सरकारकडे विचारणा केली. मध्यवर्ती खरेदी स्वस्त पडते हे खरंच आहे, पण ती अडली तर केंद्राच्या हातात स्थानिक खरेदीची सोय राहिली पाहिजे. त्या सोयीचा पैसा कुठून येतो, ते पुढच्या उत्तरांत येईल.

तुम्ही केंद्रात जाऊन ‘औषधं का नाहीत’ असं विचारू नका. ‘गेल्या वर्षी अॅम्लोडिपिन आणि मेटफॉर्मिन किती दिवस शून्यावर होतं’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला स्पष्टीकरण मिळतं, दुसऱ्याला आकडा द्यावा लागतो.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नसल्याची तक्रार मी जिल्हा परिषदेत दिली. ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणून अर्ज परत आला. मग येतं कोणाकडे?
— दुकानदार, धाराशिव जिल्हा

गल्लत अनेकांची होते. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि तालुक्याला तालुका आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, म्हणजे तुमची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तिथे अधिष्ठाता. शहरातलं महापालिकेचं रुग्णालय महापालिका आयुक्तांकडे.

एकाच रस्त्यावरच्या दोन सरकारी दवाखान्यांचे साहेब, बजेट आणि खरेदी वेगवेगळी असू शकते. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की महिना जातो. म्हणून आधी केसपेपरवरचं वरचं छापील नाव वाचा. ‘जिल्हा परिषद’ आहे, ‘सार्वजनिक आरोग्य विभाग’ आहे की ‘महानगरपालिका’, ते तिथेच कळतं.

प्रश्न : आमची महापालिका दर वर्षी ‘आरोग्यासाठी भरीव तरतूद’ अशी बातमी देते. दवाखान्यात मात्र सुई-दोरासुद्धा बाहेरून आणावा लागतो. अंदाजपत्रक कसं वाचायचं? जिल्हा परिषदेचं आणि राज्याचंही सांगा.
— गृहिणी व प्रभागातील नागरिक गटाच्या सदस्य

भरीव हा शब्द बाजूला ठेवा आणि चार आकडे शोधा : मूळ अंदाज, सुधारित अंदाज, वितरित रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च. बातमी होते ती मूळ अंदाजाची. दवाखान्याला कळतो तो वितरित पैसा. आणि खरं काय झालं ते दोन वर्षांमागच्या प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात असतं. तो रकाना त्याच पुस्तकात शेजारीच छापलेला असतो, पण त्याच्याकडे कोणी वळत नाही.

समजा औषधांना २ कोटी धरले. सुधारित अंदाजात ते १ कोटी ४० लाख झाले. वितरित झाले १ कोटी १० लाख, त्यातले ६० लाख फेब्रुवारी-मार्चमध्ये. प्रत्यक्ष खर्च ८५ लाख. पुढच्या वर्षी वित्त विभाग म्हणतो, ‘८५ लाखच खर्चता, २ कोटी कशाला?’ आणि तरतूद कमी होते. रुग्णांची गरज कमी झालेली नसते. पैसा उशिरा आला, निविदा मार्चअखेर बसली नाही आणि ३१ मार्चला उरलेली रक्कम व्यपगत झाली, म्हणजे हातची गेली, इतकंच घडलेलं असतं. म्हणून रकमेच्या जोडीला महिना विचारा. एप्रिलमध्ये मिळालेले ५० लाख आणि मार्चमध्ये मिळालेले ५० लाख दवाखान्याच्या दृष्टीनं सारखे नसतात.

मग रक्कम कशावर जाते ते पाहा. राज्याच्या अंदाजपत्रकात आरोग्याचा महसुली खर्च २२१० या मुख्य लेखाशीर्षाखाली, कुटुंब कल्याण २२११ खाली आणि इमारतींसारखा भांडवली खर्च ४२१० खाली असतो. त्याच्या आत उद्दिष्टं, म्हणजे खर्चाचे प्रकार, असतात : ०१ वेतन, २१ साहित्य व पुरवठा (औषधं बहुतेक इथे), ५२ यंत्रसामग्री, ५३ मोठी बांधकामं. आरोग्याची एकूण रक्कम वाढली आणि वाढ सगळी ५३ मध्ये असेल, तर नवी इमारत होईल, पण तिच्यात नर्स आणि सलाईन येईलच असं नाही. बांधकामाला पैसा सहज निघतो, कारण ते एकदाच करायचं असतं आणि दिसतं. पगार, औषध, दुरुस्ती हा दर वर्षीचा खर्च, तो घ्यायला कोणतीही संस्था कचरते. नव्या इमारतीचं काम मंजूर होताना पदनिर्मिती मंजूर झाली का, हा प्रश्न भूमिपूजनाच्या आधी विचारायला हवा. नंतर विचारून काही हाती लागत नाही.

वाटा काढताना कशाच्या किती हे नीट पाहा. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक सुमारे ७४,४२७ कोटींचं होतं, त्यात आरोग्याला साधारण ७,३८० कोटी, म्हणजे दहावा भाग. केईएम, नायर, शीव यांसारखी मोठी शिक्षण रुग्णालयं या पैशावर चालतात आणि त्यांत रुग्ण राज्यभरातून येतात. तुमच्या महापालिकेची टक्केवारी मुंबईशी ताडताना हा फरक धरा. राज्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ नं मोजपट्टी घालून दिली : राज्याच्या अंदाजपत्रकातला ८ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्याला. महाराष्ट्र अनेक वर्षं या रेषेच्या बराच खाली आहे, आणि देशातलं श्रीमंत राज्य म्हणून ही गोष्ट आम्हाला फार लागते. देशपातळीवर २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार सरकारचा आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता, धोरणातलं लक्ष्य २.५ टक्के. त्याच वर्षी एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला. तुमचा सुई-दोरा त्या ३९.४ मध्ये आहे.

जिल्हा परिषदेच्या बाबतीत एक सापळा आहे. जिल्हा नियोजन समितीचा निधी जिल्हा परिषदेकडे वर्ग झाला की समितीच्या तक्त्यात तो ‘खर्च’ दिसतो. जिल्हा परिषदेला मात्र तो खर्चायला पुढच्या वर्षाअखेरपर्यंत मुदत असते. त्यामुळे समितीच्या बैठकीत १०० टक्के खर्च आणि केंद्रात गळकं छप्पर, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तक्ता हातात आला की विचारा : प्रशासकीय मान्यता कधी, तांत्रिक मान्यता कधी, कार्यारंभ आदेश कधी. या तीन तारखा मिळाल्या की काम कुठल्या टेबलावर बसलंय ते कळतं.

सूचना द्यायची तर फेब्रुवारीत देऊन उपयोग नाही. विभाग आपले अंदाज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बांधतात, तेव्हा लेखी द्या. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेण्याची पद्धत आहे. तिथे लोक बहुतेक वेळा पदपथ आणि बाकं सुचवतात. प्रभागातल्या दवाखान्याचं प्रतीक्षागृह किंवा रॅम्पही सुचवता येतो.

प्रश्न : गावात उपकेंद्र आहे, पण पाण्याची टाकी फुटलेली आणि प्रसूती खोलीला दार नाही. ग्रामपंचायतीनं यावर पैसा खर्च केला तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल का? आमच्याकडे कोळसा खाणी आहेत.
— सरपंच, चंद्रपूर जिल्हा

आक्षेप येण्याचं कारण नाही, फक्त काम आराखड्यात आणि ठरावात हवं. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत २३ वा विषयच ‘आरोग्य व स्वच्छता, त्यात रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व दवाखाने’ असा आहे. पैसा चार ठिकाणी शोधा.

उपकेंद्र आयुष्मान आरोग्य मंदिर झालं असेल तर तिथे जन आरोग्य समिती असते. तिचे अध्यक्ष सरपंच म्हणून तुम्हीच, सहअध्यक्ष प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि सदस्य सचिव समुदाय आरोग्य अधिकारी. अशा उपकेंद्राला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा, असतो. टाकी आणि दार दोन्ही यात बसतं. अनेक सरपंचांना आपण या समितीचे अध्यक्ष आहोत हेच माहीत नसतं, म्हणून आधी इतिवृत्ताची वही मागा आणि शेवटची बैठक कधी झाली ते पाहा.

दुसरं, वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बंधित आणि ४० टक्के अबंधित होता. उपकेंद्राची पाण्याची जोडणी आणि शौचालय बंधितमध्ये बसतं, हे लक्षात न आल्यानं गावं अबंधित पैसा त्यावर खर्च करून बसतात. शिवाय याच आयोगानं स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी देशभरात ७०,०५१ कोटींचं वेगळं अनुदान सुचवलं होतं. त्यात इमारत नसलेली उपकेंद्रं आणि तपासणीच्या सोयी यांचा समावेश होता. आपल्या तालुक्यातल्या कोणत्या केंद्रांची नावं त्यात होती, ते तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून घ्या.

तिसरा मार्ग खास तुमच्या जिल्ह्याचा, जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाणबाधित भागासाठीच्या या निधीत आरोग्य हे उच्च प्राधान्याचं क्षेत्र आहे. २०१५ च्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत किमान ६० टक्के रक्कम उच्च प्राधान्यावर खर्च करायची होती, २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत ती ७० टक्के झाली. ग्रामसभेचा ठराव आणि गाव बाधित क्षेत्रात असल्याचा पुरावा जोडून प्रस्ताव द्या. चौथा मार्ग ग्रामपंचायतीचा स्वनिधी.

प्रस्ताव अडतात ते बहुधा जागेपायी. उपकेंद्राची जमीन कोणीतरी कधीकाळी तोंडी दान दिलेली असते आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव असतं. दार-टाकीला हे आड येत नाही, पण नवं बांधकाम तिथेच थांबतं. जमिनीचं काम आधी उरका. आणि बांधकामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक करून घेताना वीजजोडणी, पाण्याची मोटर आणि मीटरची अनामत त्यात धरलीय का ते स्वतः वाचा. इमारत पूर्ण आणि वीज नाही म्हणून बंद, अशी उपकेंद्रं याच एका ओळीमुळे पडून राहतात.

प्रश्न : एका कंपनीनं ग्रामीण रुग्णालयाला एक्स-रे यंत्र दिलं. वर्ष झालं, खोली कुलूपबंद. ऑक्सिजन प्लांटही धूळ खातोय. दानशूरांनी काय चुकवलं?
— सामाजिक कार्यकर्ता, जालना जिल्हा

यंत्र देताना यंत्राचीच किंमत धरली, इथे चुकलं. एक्स-रे चालायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, भिंतींची जाडी आणि दाराला शिशाचं अस्तर लागतं, योग्य अर्थिंग लागतं, तंत्रज्ञाचं मंजूर पद लागतं आणि त्याच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला लागतो. यातली एक गोष्ट नसली तरी खोलीला कुलूप. सोनोग्राफीचं याहून कडक आहे. १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंध कायद्याखाली केंद्राची नोंदणी आणि नोंदणीकृत डॉक्टर असल्याशिवाय यंत्र नुसतं चालू करणंही गुन्हा ठरतो.

पुढचा खर्च देखभालीचा. यंत्र १२ लाखांचं असेल आणि सर्वसमावेशक देखभाल करार वर्षाला ५ टक्क्यांनी मिळाला, तर ६०,००० रुपये वर्षाला, यंत्र आहे तोवर. साध्या वार्षिक करारात सुटे भाग नसतात, फक्त माणूस येऊन बघून जातो. सर्वसमावेशक करारात भागही येतात. करार वाचताना नेमकी हीच ओळ शोधा, आणि एक्स-रेची ट्यूब ‘वगळलेले भाग’ या यादीत टाकली नाही ना, तेही पाहा. सगळ्यात महाग भाग तोच असतो.

ऑक्सिजनचा पीएसए प्लांट बंद ठेवल्यानं बिघडतो. हवा दाबून कोरडी करून झिओलाइटच्या दोन टाक्यांतून आळीपाळीनं सोडली की नायट्रोजन अडकतो आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळतो. झिओलाइटला ओल अजिबात चालत नाही. पावसाळाभर प्लांट बंद राहिला, ड्रायरनं काम केलं नाही, की ओल धरते आणि शुद्धता घसरत जाते. नंतर कळ दाबली तर प्लांट चालतो, आवाज येतो, पण मीटरवर ९० च्या खालचा आकडा दिसतो आणि तो ऑक्सिजन रुग्णाला देता येत नाही. म्हणून ठरलेल्या दिवशी प्लांट चालवणं, शुद्धतेचा आकडा वहीत लिहिणं आणि फिल्टर बदलणं हे काम एका ठरावीक माणसाच्या नावावर हवं. वीजबिल कोणत्या हेडमधून, हेही आधी ठरायला हवं. नाहीतर बिल वाढू नये म्हणून प्लांट बंद ठेवला जातो.

राष्ट्रीय आरोग्य अभियानात वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आहे. त्यात यंत्र चालू राहण्याचं किमान प्रमाण ठरलेलं आहे : जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, समुदाय आरोग्य केंद्र पातळीवर (म्हणजे ग्रामीण रुग्णालयात) ९०, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८०. पण यंत्राला त्या कार्यक्रमाची नोंद चिठ्ठी लागलेली असेल तरच. दान आलेलं यंत्र जडवस्तू (टिकाऊ सामान) नोंदवहीत चढवलं जात नाही, म्हणून त्याला चिठ्ठी लागत नाही, म्हणून तक्रार घेतली जात नाही. तुमच्या रुग्णालयात जाऊन ती चिठ्ठी यंत्रावर आहे का, एवढं आधी बघा. आणि पुढच्या वेळी कोणी यंत्र देऊ म्हटलं तर पाच वर्षांचा देखभाल करार त्याच देणगीत मागा. आमदार-खासदार निधीतून आलेल्या रुग्णवाहिकेचं दुखणंही हेच असतं. गाडी मिळते, चालकाचा पगार आणि डिझेल त्या निधीत नसतं.

प्रश्न : रुग्ण कल्याण समितीचा निधी दर वर्षी परत जातो. डॉक्टर म्हणतात, ‘खर्च केला तर ऑडिटवाले धरतात.’ यात तथ्य आहे का?
— समिती सदस्य, सातारा जिल्हा

भीती खरी आहे, कारण मात्र टाळता येण्यासारखं. प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला १ लाख ७५ हजारांपर्यंत, साध्या उपकेंद्राला २० हजार, समुदाय आरोग्य केंद्र पातळीच्या रुग्णालयाला ५ लाख आणि जिल्हा रुग्णालयाला १० लाखांपर्यंत अबंधित निधी मिळू शकतो. या कमाल मर्यादा आहेत. मागच्या वर्षी खर्च कमी झाला तर रक्कम कमी येते. आक्षेप निघतात ते बहुतेक तीन कारणांनी : खर्च आधी आणि ठराव नंतर, तीन दरपत्रकं एकाच हस्ताक्षरातली, आणि वस्तू नोंदवहीत न चढवणं. पगार, वाहनखरेदी, जाहिरात यांवर हा पैसा लावला तरी आक्षेप येतो.

एप्रिलच्या बैठकीतच वर्षाची यादी मंजूर करा आणि तिमाहीनुसार वाटा. जूनपर्यंत छप्पर, पाण्याची टाकी, जनरेटर. तातडीच्या औषधखरेदीसाठी एक मर्यादा ठरावातच घालून द्या, म्हणजे पहिल्या प्रश्नातल्या दिवाळीनंतरच्या तुटवड्यात वैद्यकीय अधिकाऱ्याला बैठकीची वाट पाहावी लागणार नाही. पैसा आता केंद्राच्या खात्यात पडून राहत नाही, खर्चाची मर्यादा म्हणून दिसतो. मार्चअखेर ती संपते, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ याला अर्थ राहिलेला नाही.

कशावर खर्च करावा, याचं एक उदाहरण. प्रसूती खोलीतल्या ऑटोक्लेव्हचं रबरी गॅस्केट कडक होऊन चिरतं. झाकणाच्या कडेनं वाफ निसटते, काटा १५ पौंडांवर पोचत नाही, तापमान १२१ अंशांना जात नाही. गुंडाळलेल्या साहित्याला त्या दाबावर ३० मिनिटं लागतात. ती मिळाली नाहीत तर डब्यातली कात्री गरम झालेली असते, निर्जंतुक नसते. डब्यावरच्या पट्टीचा रंग नीट बदलत नाही, एवढीच खूण दिसते. एवढ्याशा रबरी कड्यासाठी प्रसूती तालुक्याला पाठवल्या जातात. समितीच्या प्रत्येक बैठकीआधी एका सदस्यानं सिस्टरांना विचारावं, ‘या महिन्यात काय चालत नव्हतं?’ आणि उत्तर आहे तसं विषयपत्रिकेवर घ्यावं.

प्रश्न : माहिती अधिकारात विचारलं तर ‘माहिती विस्तृत आहे’ म्हणून टोलवतात. काय लिहावं?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर

महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा हवा, शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला माफ. मोघम विचारलं की मोघम उत्तर येतं. असं लिहून पाहा : ‘अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी मागील पूर्ण आर्थिक वर्षातील (१) औषधांसाठीची मंजूर तरतूद, महिन्यानुसार वितरित रक्कम व प्रत्यक्ष खर्च, (२) सोबतच्या दहा औषधांचा साठा शून्य असलेल्या दिवसांची संख्या, (३) औषधांच्या मागणीपत्रांच्या प्रती. संबंधित साठा नोंदवहीची पाहणी करू द्यावी.’ शेवटची ओळ सोडू नका. पाहणीचा पहिला तास मोफत असतो आणि तयार नोंदवही दाखवायला ‘माहिती संकलित करावी लागेल’ हे कारण चालत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात सुनेच्या सिझेरियनसाठी रक्त आणि औषधांचे पैसे मागितले. सरकारी मोफत असतं ना?
— शेतकरी, नंदुरबार जिल्हा

असतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात जून २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, घरून येण्या-जाण्याचं वाहन आणि जेवण मोफत आहे. जेवण साध्या प्रसूतीला तीन दिवस, सिझेरियनला सात. बाळाचं आजारपणही वर्षाचं होईपर्यंत मोफत. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत शुल्क बंद आहे. महापालिकांची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. पावती मागा. पावती नाकारली तर तारीख, वेळ आणि वॉर्ड लिहून त्याच दिवशी वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्या, प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना. बाहेरून औषध आणलं असेल तर दुकानाचं बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही जपून ठेवा.

प्रश्न : भंडाऱ्याच्या आगीनंतर आमच्या रुग्णालयात अग्निशामक नळकांडी लावली. एवढं पुरेसं आहे का?
— परिचारिका

नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षातल्या आगीत १० बाळं गेली, आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ रुग्ण. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तुमच्या रुग्णालयाचं शेवटचं कधीचं आहे ते पाहा. वॉर्डात वॉर्मर, पंप, एसी वाढत जातात, वायरिंग मात्र जुन्या भारासाठी टाकलेलं असतं. एका सॉकेटवर एक्स्टेंशन बोर्ड लावून तीन यंत्रं चालत असतील तर तो बोर्ड काढून विद्युत भाराची तपासणी लेखी मागा. रात्रपाळीला मागचं दार कुलूपबंद असतं का आणि किल्ली कोणाच्या खिशात असते, हे आजच तपासा. त्याला निधी लागत नाही.